एका इंग्रजी क्रियापदाविरुद्ध तक्रार

प्रिय भिंगरी,

मंगळवार, दि. १० मार्च रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या बाथरूमच्या दाराची आतली कडी काढण्यात आली. मी त्या वेळी घरात नव्हते, वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. परत येताना जिन्यात सुतार भेटला. हातात स्क्रू ड्रायव्हर, शर्टाच्या खिशात माझी कडी, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू माझा मोतीबिंदूच काढून आलाय. ‘काकू, झालं काम. बेडरूमचीपण काढली. ताईंनी फोनवर सगळं नीट समजावलं होतं, तुम्ही काळजीच करू नका.’ दार उघडून दिलं शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांनी, कारण आपली जादा किल्ली त्यांच्याकडे असते. नेमकी वेळही त्यांनीच सांगितली. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसऱ्यांची दारं उघडण्याशिवाय उद्योग नाही. पूर्वी तोंडं उघडायचे.

तू म्हणशील, आई पत्र लिहितेय की फिर्याद. जन्मभर कोर्टात लघुलेखक म्हणून बसले, साक्षीदार बोलतील ते उतरवून घेतलं. तारीख-वेळ घातल्याशिवाय माझं वाक्य सुरू होत नाही, त्याला माझा इलाज नाही. शिवाय ही फिर्यादच आहे. बहात्तर वर्षांच्या, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणाऱ्या, तुझ्या नवऱ्यापेक्षा भरभर जिना चढणाऱ्या बाईच्या घरातली कडी तिला न विचारता निघते. आज कडी गेली, उद्या गॅस जाईल, परवा घर जाईल आणि मी तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत त्या व्यायामाच्या सायकलशेजारी येऊन पडेन. या घरात मी एकटी राहायचं की नाही, हा खरा वाद आहे. कडी हा फक्त पहिला पुरावा.

त्याच दिवशी दुपारी मी तुला फोन केला. तू ‘अगं, डॉक्टरही सांगतात की म्हाताऱ्या माणसांनी…’ असं सुरू केलंस. म्हातारी कोण, असं मी विचारल्यावर तू इंग्रजीत शिरलीस. लहानपणापासून तुझं हे असंच आहे. चूक केलीस की मी आईची मम्मी होते. ‘मम्मी, आय वरी, दॅट्स ऑल.’ ते ‘दॅट्स ऑल’ तर मला फारच झोंबलं. अगं, मला विचारशील तर तू वापरलेलं क्रियापद काही साधं नाही. ज्या बाईंनी मला ते शिकवलं त्या ‘दॅट्स ऑल’ कधीच म्हणाल्या नसत्या.

त्या म्हणजे आमच्या शाळेतल्या सिस्टर, इंग्रजी शिकवायच्या. उंच, हात सदा गार, खडू असा धरायच्या की फळ्याला इंजेक्शन देताहेत असं वाटावं. सातवीच्या पुस्तकात एक धडा होता. त्यात एक धनगर शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध तक्रार करतो, की हा कुत्रा माझ्या मेंढ्यांना ‘वरी’ करतो. आम्हा पोरींना ‘वरी’ म्हणजे काळजी एवढंच ठाऊक. सगळ्या वर्गाला त्या कुत्र्याचा कळवळा आला. बिचारा मुका जीव, दुसऱ्याच्या मेंढ्यांची इतकी काळजी करतो आणि हा मेला धनगर त्याच्यावरच उलटतो! मी तर निबंधच लिहिला. माझा कुत्रा टेकडीवर बसून पंजावर हनुवटी टेकवून विचार करायचा, की थंडी पडलीय, आता या मेंढ्यांचं कसं व्हायचं. शेवटी धनगर पश्चात्ताप पावून त्याला मिठी मारतो. मैत्रिणींचे डोळे पाणावले होते. सिस्टर हसल्या नाहीत. निबंध परत देताना एवढंच म्हणाल्या, ‘फार हृदयस्पर्शी आहे. आता कोशात बघून ये, तुझा नायक नेमकं काय करत होता ते.’

वाचनालयात कोश उंच मेजावर असायचा, उभं राहूनच बघावा लागे. मी बघितलं आणि तिथेच उभी राहून पुन्हा एकदा वाचलं. या शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो त्याच अर्थानं होता, जीव जाईपर्यंत आवळणे. मग तो लांडग्या-कुत्र्यांकडे गेला: सावजाचा गळा दातांत धरायचा आणि गदगदा हलवत राहायचं. म्हणजे माझा प्रेमळ कुत्रा टेकडीवर बसून विचार करत नव्हता, मेंढ्यांचे गळे फोडत होता. पुढे माणसं माणसांना छळायला लागली त्यालाही हाच शब्द वापरला गेला. ज्याला आपण वरी म्हणतो, ती मनातल्या मनात करायची वरी, ती अगदी अलीकडची, दोनेकशे वर्षांतली. तिथे कुत्राही आपणच आणि मेंढीही आपणच. शब्द बाहेरून आत आला एवढंच. दात बाहेर ठेवून आला नाही. जर्मन भाषेत त्याचा एक भाऊबंद आहे म्हणे, तो अजून गळाच आवळतो, त्यानं आपला धंदा बदललेला नाही.

आपल्या भाषेत कसं, सगळं किती मायेचं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण काळजी हा शब्द काळजातूनच आलाय असं सांगतात, आणि ते खरं असेल तर तो आपलं घर सोडूनसुद्धा गेलेला नाही. गळा धरणारा निदान समोरून दिसतो. हा आत बसून खातो. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवून मी तुला सोडणार नाही.

आता तुझ्या वरीचा इतिहास ऐक. मी इथे एकटी राहायला लागले तेव्हा ठरलं होतं की सकाळी चहा झाला की मी तुला दोन रिंग देऊन फोन ठेवायचा. उचलायचा नाही, बोलायचं नाही. त्याचा अर्थ, मी आहे. मला ते आवडायचं. चहाचा कप विसळायचा, दोन रिंग द्यायच्या, खिडकी उघडायची. मग तुला दुपारचीही रिंग हवी झाली. मग संध्याकाळची. मग रिंग पुरेना, आवाज हवा झाला, ‘जेवलीस का, औषध घेतलंस का, जिन्यात दिवा आहे का.’ गेल्या वर्षी तू ते घड्याळ पाठवलंस, जे माझ्या हातावर बसून माझी नाडी तुला चोरून सांगतं. ते मी दातवाल्या डॉक्टरांच्या मांजराच्या गळ्यात बांधलं होतं, हे तुला आज कळतंय. तुझ्याकडे जे आकडे येत होते ते त्याचे होते. ‘आई, तू दिवसभर झोपतेस आणि पहाटे पळतेस कुठे?’ असं तू विचारलं होतंस, आठवतंय?

आणि फेब्रुवारीतला तो प्रकार. मी केसांना रंग लावून बाथरूममध्ये स्टुलावर बसले होते, रेडिओ चालू, कडी लावलेली, जिवाला थोडा आराम. फोन बाहेर वाजत राहिला. रंग लावलेल्या बाईनं फोन घ्यायचा नसतो, हे तुला वयाच्या चाळिशीत कळायला हवं. पण तू तिकडून दातवाल्यांना फोन केलास, त्यांनी खालच्या वॉचमनला घेतलं, वॉचमननं येता येता जिन्यातल्या दोघांना घेतलं, आणि माझ्या बाथरूमच्या दारावर एवढ्या थापा पडल्या की मला वाटलं धाड आली. मी आतून ओरडतेय, ‘अहो, मी जिवंत आहे, रंग लावतेय!’ आणि बाहेरून दातवाले ओरडताहेत, ‘घाबरू नका, आम्ही दार तोडतोय!’ मी टॉवेल गुंडाळून, कपाळावर काळे ओघळ घेऊन दार उघडलं. त्या चौघा पुरुषांनी जे तोंड केलं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. वॉचमन तर अजून माझ्याकडे बघत नाही, पायऱ्यांकडे बघून नमस्कार करतो. तुला वाटलं असेल हसून संपलं. तू मात्र त्याच दिवशी कडीवर नजर ठेवलीस.

त्या कडीचं माझ्याशी काय नातं आहे, हे तुला ठाऊक नसणार. मी कोर्टात लागले तेव्हा तिथे बायकांच्या संडासाला कडी नव्हती. इमारत भक्कम दगडी, न्यायाधीशांच्या खुर्चीला नक्षी, आणि बायकांच्या दाराला एक भोक. आम्ही मोजक्या बायका. एकीनं आत जायचं, दुसरीनं दाराला पाय लावून बाहेर उभं राहायचं आणि खोकत राहायचं, म्हणजे येणाऱ्याला कळावं. वकीलबाई असो की झाडूवाली, त्या दारापाशी सगळ्या सारख्या. मी तिथे काळ्या डगल्यातल्या मोठमोठ्या बायकांसाठी खोकले आहे. कडीसाठी मी अर्ज केले. वर्षानुवर्षं केले. एका साहेबांनी तर विचारलं, ‘तुम्हाला आत एवढं काय करायचं असतं?’ शेवटी कडी आली. जन्मभर दुसऱ्यांचे खटले उतरवून घेतले, स्वतःचा एकच जिंकला, तो हा. तेव्हा म्हातारीनं कडी लावू नये, पडली तर काय, हे मला शहाणपण म्हणून सांगू नकोस. दार लोटलेलं असणं आणि दाराला कडी असणं यात काय फरक आहे हे जी बाई खोकून खोकून शिकलीय, ती पडायलासुद्धा कडी लावूनच जाईल.

हे सगळं मी मंगळवारीच लिहायला घेतलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर पत्र याहून आखूड आणि शिव्या याहून जास्त झाल्या असत्या. पण गुरुवारी मी आंघोळीला गेले. कडी नाही म्हणून दाराला बादली लावली. स्टुलावर बसले आणि कधी नव्हे ते त्या दाराकडे आतून बघत राहिले. कडीच्या जागी चार भोकं, भोवती जुन्या रंगाचा फिकट चौकोन. बघता बघता मला दाराच्या पलीकडे तू दिसलीस. एकोणीस वर्षांची, कॉलेजची पिशवी अजून खांद्याला.

बाबा गेले तेव्हा मी कोर्टात होते. घरात तू होतीस. दाराला कडी होती. आत नळ चालू होता. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू तेच सांगत होतीस, ‘पाणी चालू होतं ना, मला वाटलं आंघोळ चाललीय.’ मी ऐकत होते. सवयीनं मनात उतरवूनही घेत होते, पण लघुलिपीत फक्त शब्द उतरतात. साक्षीदार कापत असेल तर त्यासाठी खूण नाही. पाणी चालू होतं, एवढंच तू त्या आठवड्यात बोललीस आणि त्यानंतर त्या दाराबद्दल आजपर्यंत एक अक्षर नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी तुला जवळ बसवून सांगितलंही होतं, पण तू ऐकत नव्हतीस, भिंतीकडे बघत होतीस. म्हणून पुन्हा लिहिते, आता कागदावर आहे, भिंतीकडे बघून चालणार नाही: ते एका क्षणात गेले. खाली पडण्याआधी गेले. दार सताड उघडं असतं, तू हात धरून शेजारी उभी असतीस, तरी गेले असते. कडीनं काही केलं नाही. पाण्यानं काही केलं नाही. तू तर काहीच केलं नाहीस.

तेव्हा गुरुवारी, साबण वाळून गेला तरी मी तशीच बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझी फिर्याद चुकीच्या माणसावर आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी कशानं तरी तुझा गळा दातांत धरला आणि अजून सोडलेला नाही. तू मला हलवतेस असं मला वाटत होतं. हलत तूच आहेस, मी फक्त तुझ्या हाताला धरून होते म्हणून हिसके मला बसले.

शुक्रवारी मी सुताराला परत बोलावलं. तो दारातच म्हणाला, ‘काकू, ताईंना विचारलंत का?’ मी म्हटलं, ‘तुझ्या ताईला मी जन्म देताना विचारलं नव्हतं, आता काय विचारू?’ त्यानं दुकानातून एक नव्या तऱ्हेची कडी आणली. आतून लागते, आणि बाहेरच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. दातवाल्यांना दाखवली. ते इतके खूश झाले की खिशात एक नाणं वेगळंच ठेवायला लागलेत, आणि भेटले की ते काढून मला दाखवतात. मला यापेक्षा जास्त तडजोड जमणार नाही. मी आतून लावेन, तुमच्यापैकी कुणाला बाहेरून उघडावं लागलंच तर उघडा. आधी हाक मारा म्हणजे झालं.

इथे हे पत्र संपायला हरकत नव्हती. पण काल रविवारी जावईबापू येऊन गेले. तू पाठवलं होतंस, मी रागावलेय का ते बघायला. त्या माणसाला काही लपवता येत नाही, हाच त्याचा एक मोठा गुण आहे. आल्या आल्या त्यांनी माझा टोस्टर दुरुस्त करायला घेतला, तेव्हाच मी ओळखलं की पोटात काहीतरी आहे. टोस्टर बिघडलेला नव्हता. मी म्हटलं, ‘तो ठेवा खाली आणि बोला.’ मग म्हणाले, ‘आई, तिला सांगू नका मी सांगितलं असं.’ ते मी आत्ता सांगितलं, त्यांना रागावू नकोस.

तर ते जहाज. दक्षिणेकडच्या समुद्रात आठ महिने, समुद्राच्या तळाचा नकाशा करायला, आणि सगळ्या तुकडीची प्रमुख तू. फोन झाला तर आठवड्यातून एकदा, तोही हवा बरी असेल तर. आणि तू ऑफिसला कळवलंस की घरच्या अडचणीमुळे जमणार नाही. घरची अडचण! पहिलीत असताना तू मला विचारलं होतंस, समुद्राच्या खाली काय असतं. मी म्हटलं, जमीन. तू विचारलंस, ती कुणी बघितलीय? मी म्हटलं, सगळी कुणीच नाही. आठवडाभर तू जेवताना चमचा खाली ठेवून मध्येच म्हणायचीस, ‘कुणीच नाही?’ त्या पोरीच्या वाटेत मला कुणी धोंड म्हणून ठेवलं, ते मला काल कळलं. जावईबापू म्हणतात जागा अजून भरलेली नाही, तुझे साहेब तीस तारखेपर्यंत वाट बघणार आहेत. माझ्या मरणाचं म्हणशील तर ते या आठ महिन्यांत येईल किंवा येणार नाही. आलं आणि बातमी तुला उशिरा पोचली, तरी मी काही त्यामुळे जास्त मरणार नाही. तू जवळ असलीस म्हणून कमीही मरणार नाही. बाबांच्या वेळी तू दाराशी होतीस, यापलीकडे कुणी कुणाच्या जवळ जाऊ शकत नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. कडी हे निमित्त होतं. उत्तर लेखी हवं, शनिवार, दि. २८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि ‘बघू नंतर’ म्हणून दोघी ठेवून देऊ. एक ओळ पुरे: मी जाते आहे. खाली सही आणि तारीख. पाचनंतर आलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही.

तुझीच, आणि तू कुठेही गेलीस तरी तुझीच,
आई